फुलाला 'आत्ता' नसतो

लोणावळ्याजवळ, मावळातल्या कुसगाव बुद्रुकच्या शिवारात आता भाताच्या खाचराला लागून लॉन दिसते. एका अंगाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधे कॉलेजांच्या इमारती आणि शनिवार-रविवारपुरते जागे होणारे बंगले. खोपोलीकडून डोंगराच्या पोटातून येणारी त्या मार्गाची तेरा किलोमीटरची 'मिसिंग लिंक' कुसगावापाशीच उजेडात येते. म्हणजे मुंबईचा शीण इथे पोचायला पूर्वीपेक्षा कमी वेळ लागणार. त्या शिणावर या भागात एक औषध मिळते. लॉनच्या कडेला गुलाब, जास्वंद, पिटुनिया यांच्या कुंड्या मांडलेल्या असतात. पाहुण्यांना एकेका फुलापुढे बसवतात आणि सांगतात : नाव विसरा, काल-उद्या विसरा, नुसते पाहा. फूल वर्तमानात जगते, ते तुम्हालाही वर्तमानात आणील. याचे नाव माइंडफुलनेस, म्हणजे सजगता. हे मत आता बंगल्यांपुरते उरलेले नाही. रविवारच्या पुरवण्या, कंपन्यांची शिबिरे, शाळांतले मूल्यशिक्षणाचे तास अशा सगळ्या वाटांनी ते घरोघरी पोचले आहे, आणि त्याच्यावर कोणी शंका घेतलेली सहसा आढळत नाही. फुलाबद्दल वावगे बोलायचे कसे, ही अडचण असावी.

मलाही फुलाबद्दल काही वावगे म्हणायचे नाही. थकल्या माणसाने बागेत बसावे, हेही कबूल. आक्षेप आहे तो एवढ्याच म्हणण्याला, की फूल मनाला वर्तमानात आणते आणि त्यासाठी ते त्याच्या काळापासून, कामापासून, नावापासून सुटे करून पाहावे लागते. मला दिसते ते याच्या उलट. फुलापाशी मन ठरते ते त्या फुलाशी आपले काही देणेघेणे असते म्हणून. ते देणेघेणे काढून घेतले की समोर राहतो एक रंगीत ठिपका, आणि ठिपक्यावर मन किती वेळ ठरते हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी उभा करावा, ही आपल्याकडची जुनी शिस्त. या मताचे समर्थक चार आधार देतात. विज्ञानाने फुलांचा गुण सिद्ध केला आहे, बौद्ध परंपरेत फुलाचे ध्यान आहे (आणि मावळ तर लेण्यांचाच मुलूख), जे. कृष्णमूर्तींनी नाव न घेता फूल पाहायला शिकवले. आणि फूल स्वतःच क्षणात जगते. चारही आधार वरवरचे नाहीत. म्हणूनच तपासण्याजोगे आहेत.

विज्ञानाचा निकाल लवकर लागतो. रॉजर उलरिख यांचा 'सायन्स' नियतकालिकातला १९८४चा लेख सर्वांत जास्त दाखवला जातो. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, कडक वेदनाशामक औषधेही पहिल्यांना कमी लागली. अभ्यास चांगला आहे. पण त्यात फूल नाही, बाग नाही, आणि 'सजगपणे पाहा' असे कोणी कोणाला सांगितलेले नाही. पडल्या पडल्या जे दिसायचे ते दिसत होते.

दुसरे नाव रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांचे. १९८९च्या त्यांच्या ग्रंथातला सिद्धान्त असा : कामात आपण लक्ष ओढूनताणून एका जागी धरतो, त्याने ते दमते, निसर्ग मनाला आपसूक धरून ठेवतो, म्हणून त्या दमलेल्या लक्षाला विसावा मिळतो. पटण्यासारखे आहे. मात्र सजगतेची साधना याच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. मन भरकटले की ते हेरा, परत आणा, पुन्हा भरकटले, पुन्हा आणा. एक सिद्धान्त लक्षाला सुट्टी देतो, दुसरी साधना त्याला तालमीत धाडते. दोन्ही हितकारक असतील, पण एकाच फुलापुढे एकाच वेळी दोन्ही कशी होणार? शिबिरांत मात्र दोन्हींचे दाखले एका दमात देतात.

तिसरा दाखला खास फुलांचा. रटगर्स विद्यापीठातल्या जेनेट हॅविलंड-जोन्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले, की फुले भेट मिळालेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर हमखास खरे, डोळ्यांपर्यंत पोचणारे हसू उमटते. या कामाला अमेरिकेतल्या फूलविक्रेत्यांच्या संघटनेचे सहकार्य होते. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. पण मोजले काय, ते पाहावे. दार उघडले, समोर कोणी फुले घेऊन उभे, त्या घटकेचे हसू मोजले. त्यात देणारा आहे, घेणारा आहे, अनपेक्षित भेट आहे. एकट्याने डोळे लावून बसण्याच्या बाजूने यातून काय निघते, मला तरी सापडलेले नाही.

बौद्ध परंपरेचा आधार याहून भारी आहे. कुसगावाहून कार्ले आणि भाजे इथली लेणी अर्ध्या तासाच्या वाटेवर. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्खू राहत, ध्यान करीत. बुद्धांनी एकदा न बोलता फक्त एक फूल वर धरले आणि त्यांचा शिष्य महाकाश्यप तेवढा हसला. तेव्हा फुलाचे ध्यान म्हणजे इथल्याच दगडामातीतली गोष्ट, अशी साखळी जोडतात. साखळीतली पहिलीच कडी निसटती आहे. महाकाश्यपाच्या हसण्याची कथा पाली त्रिपिटकात नाही. ती चिनी झेन परंपरेची, आणि लिखित रूपात दिसते ती अकराव्या शतकात. कार्ल्याचे चैत्यगृह त्याच्या हजारएक वर्षे आधी कोरून झालेले. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती कळली बऱ्याच अंशी ओशोंच्या प्रवचनांतून. म्हणजे कार्ल्याहून नव्हे, त्यांच्या आश्रमाच्या कोरेगाव पार्कातून. कथा सुरेख आहे, वाद नाही. पण तिच्यातही फूल पाहून कोणी शांत झाल्याचे म्हटलेले नाही. जे सांगायचे ते शब्दांवाचून एकाकडून दुसऱ्याकडे गेले, एवढेच तिचे तात्पर्य.

मग कार्ल्यात फुले नाहीत का? आहेत. दगडात कोरलेली कमळे आहेत. आणि दात्यांच्या लेखांत धेनुकाकट या गावचा सिंहदत्त नावाचा एक गंधिक आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दर्शनी दाराच्या कामासाठी त्याने दान दिले. रायगड जिल्ह्यातल्या कुड्याच्या लेण्यांत माळाकारांच्या दानाचे लेख सापडतात. फुलांवर पोट असलेली ही माणसे लेण्यांच्या उभारणीत सामील होती. डोळे लावून बसलेला फूलध्यानी मात्र या लेखांत कुठे भेटत नाही.

साधनेचे विषय कोणते, हे पाली त्रिपिटकातल्या सतिपट्ठानसुत्तात ओळीने सांगितले आहे. श्वास, चालणे, उभे राहणे, बसणे, निजणे, शरीरातले केस, नखे, दात, कातडी, पित्त, कफ, स्मशानात टाकलेल्या प्रेताच्या नऊ अवस्था, सुखदुःखाच्या वेदना, मनाच्या अवस्था. फूल त्या यादीत नाही. धम्मपदात एक पूर्ण वर्ग फुलांचा आहे, चौथा पुप्फवग्ग. तिथे फुले वेचण्यात गुंगलेला माणूस हे बेसावधपणाचे उदाहरण म्हणून येते : झोपेतल्या गावावर रात्री पूर यावा तसा मृत्यू त्याला उचलून नेतो. सावधपणासाठी फूल सुचवणाऱ्यांनी हा वर्ग एकदा वाचायला हरकत नाही. शिवाय अष्टशील घेणाऱ्या साधकाला माळा आणि सुगंध वर्ज्य असतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यनेची शिबिरे चालतात. तिथे आधी श्वास, मग शरीरावरच्या संवेदना, ध्यानाचा बाहेरचा विषय कोणताच नाही.

आणि तरीही महाराष्ट्रातल्या लाखो बौद्ध घरांत रोज फूल लागते. १९५४च्या २५ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. कुसगावाहून पुण्याकडे निघाले की ते ठिकाण वाटेवरच. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर पूजापाठ घरोघरी गेला, आणि त्यात पुष्पपूजेची गाथा आहे. मूर्तीपुढे फूल ठेवायचे आणि म्हणायचे ते हे, की जसे हे फूल कोमेजणार तसेच माझे शरीरही नाशाकडे चालले आहे. शाळकरी मुलालाही ही गाथा पाठ असते. त्या मुलाच्या हातातले फूल 'आत्ता'त अडकलेले नाही. ते सकाळी खुडलेले आहे, संध्याकाळी वाळणार आहे, आणि त्या वाळण्याचाच विचार करायला त्याला सांगितले आहे. फुलाचा असा उपयोग मावळात आजही चालू असताना, त्याच परंपरेच्या नावावर नेमका उलटा उपयोग खपवणे मला बरे वाटत नाही.

इथे जाणकार प्रतिपक्षी 'विसुद्धिमग्ग' पुढे करील, आणि त्याने करावाच. पाचव्या शतकात बुद्धघोषाने लिहिलेल्या या ग्रंथात रंगांच्या कसिणांची, म्हणजे एकाच रंगावर मन खिळवण्याची, साधना आहे, आणि तिथे फुले आहेत. हा ग्रंथ देवनागरीत आणणारे विद्वान आपलेच, गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी. त्यांची आवृत्ती १९४० साली मुंबईहून निघाली, आणि त्याआधी १९२५मध्ये त्यांनी 'समाधिमार्ग' हे पुस्तक मराठीत लिहिले होते. निळ्या कसिणासाठी काय करायचे? नीलकमळे किंवा गिरिकर्णिका, म्हणजे आपली गोकर्ण, यांची फुले आणायची आणि एखाद्या टोपलीत किंवा झाकणात काठोकाठ पसरायची. पण कशी? केसर दिसता कामा नये, देठ दिसता कामा नये, पाकळ्यांचा निळा तेवढा दिसावा. फुले नसली तर निळे कापड चालते, निळा रंग माखलेले वर्तुळही चालते. पुढे साधक डोळे मिटतो आणि मनात उमटलेल्या निळ्या प्रतिमेवर स्थिर होतो. त्या प्रतिमेत केसर, देठ, पाकळ्यांमधल्या फटी दिसत असतील तर तो कसिणाचा दोष; साधना पक्व झाली की हे सगळे गळून फक्त स्वच्छ निळा उरतो.

हा दाखला प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळचा, आणि तोच त्याला सर्वांत जड जाणारा. इथे फुलाचे फूलपण जाणूनबुजून पुसले आहे. बुद्धघोषाला पक्के माहीत होते की फूल तसेच समोर ठेवले तर मन एका जागी राहणार नाही. केसरावर जाईल, देठावर जाईल, भुंगा आला तर भुंग्यामागे जाईल. फूल मन गोळा करत नाही, पसरवते, म्हणून ते झाकून टाकावे लागते. बौद्ध ग्रंथ सोडून योगाकडे वळावे, तर तिथेही आधार सापडत नाही. लोणावळ्यातल्याच कैवल्यधामाने, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापलेल्या संस्थेने, 'हठप्रदीपिका'ची संपादित आवृत्ती १९७० साली काढली. त्यातले त्राटक पाहा : एखाद्या सूक्ष्म लक्ष्यावर पापणी न हलवता नजर लावायची, डोळ्यांत पाणी येईतो. षट्कर्मांत, म्हणजे शुद्धिक्रियांत, त्याची गणना आहे. धौती-बस्तीच्या रांगेतली ही क्रिया. तिच्यात आणि लॉनवरच्या निवांत पुष्पदर्शनात नाते लावायचे तर कल्पनाशक्ती बरीच ताणावी लागते.

आता चौथा आधार आधी घेतो, कारण मावळात उभे राहून तो मांडणे हे धाडस आहे. फूल वर्तमानात जगते म्हणे. ज्या तालुक्यात हे वाक्य उच्चारले जाते त्याच तालुक्यातून फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या बाजारासाठी गुलाब परदेशी जातो. तळेगाव दाभाड्याला एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे, पवनेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांची पॉलिहाउसे आहेत. तिथे १४ फेब्रुवारीची सुरुवात डिसेंबरात होते. छाटणीपासून कळी हाती यायला दीड महिन्याच्या आसपास लागतो, म्हणून डिसेंबरच्या मध्याला कटबॅक करायचा. थंडी वाढली तर कळी मागे पडते, ऊन तापले तर पुढे पळते. आभाळ आले की डाऊनी मिल्ड्यू, रात्री गार आणि दिवसा कोरडे की भुरी, मग थ्रिप्स आणि लाल कोळी या किडी. कमकुवत फांद्या तोडायच्या नाहीत, वाकवायच्या. त्यांची पाने झाडाला पोसतात, याला बेंडिंग म्हणतात. कळीचा आकार वाढावा म्हणून तिला जाळीची कॅप चढवतात. निर्यातीचे फूल जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या दहा तारखेपर्यंत निघाले तर पैसे. पंधराला उमलले तर त्याच टॉप सिक्रेट जातीच्या गुलाबाला पुण्यातल्या गुलटेकडीच्या बाजारात कोण विचारतो? कापणीही कळी घट्ट असताना, कारण ती उमलायची आहे दुसऱ्या देशात, आठवडाभराने, कोणाच्या तरी टेबलावर. दांडीच्या लांबीप्रमाणे चाळीस, पन्नास, साठ सेंटिमीटर अशी प्रत लावायची, वीस-वीसच्या गड्ड्या बांधायच्या आणि दोन ते चार अंशांच्या शीतगृहात ठेवायच्या. त्या खोलीत काळ थांबवलेला असतो. फुलदाणीत जे 'या क्षणी उमललेले' म्हणून दिसते, त्यामागे दोन महिन्यांचे पंचांग आहे.

हे बाजाराचे झाले, निसर्ग तसा नाही, असे कोणी म्हणेल. निसर्गात तर हिशेब आणखी कडक. शेवंतीला फूल येते ते रात्र पुरेशी लांबली म्हणजे. ती रात्रीची लांबी मोजते. दिवसाच्या लांबीवर फुलणे अवलंबून असते हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली दाखवले, आणि आज बागायतदार शेतात रात्री बल्ब लावून शेवंतीला फसवतात, फुलणे पुढे ढकलतात. मोगऱ्याची कळी सकाळी खुडतात, कारण गजरा संध्याकाळी उमलायला हवा. गजरेवाली फुले ओवत नाही, येणारी संध्याकाळ ओवते. पारिजात रात्री उमलून पहाटे खाली. आणि लोणावळ्याच्या उतारांवरची कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एका पावसाळ्याअखेर डोंगरभर फुलते, बी धरते आणि मरते. तिच्या त्या निळ्या-जांभळ्या फुलापुढे बसून 'हे फक्त आत्ताचे आहे' असे म्हणणाऱ्याने तिची सात वर्षे पाहिलीच नाहीत. आपल्या म्हणीत तेरड्याचा रंग तीन दिवसांचा ठरला, तोही कोणीतरी चौथ्या दिवशी पाहिल्यावर.

राहिले कृष्णमूर्ती. हा आधार मी शेवटी ठेवला, कारण त्याचा मला आदर आहे. राजगुरुनगरजवळ तिवई डोंगरावर त्यांच्या विचारांवर चालणारी सह्याद्री स्कूल १९९५पासून आहे, आणि मावळ-खेडच्या वाचकाला हे विचार परके नाहीत. 'गुलाब' म्हटले की आपण गुलाब पाहणे सोडतो, शब्दच पाहू लागतो, हे त्यांचे निरीक्षण खरे आहे. पण त्यांचे नाव पद्धतीच्या समर्थनाला घेणे हा अन्याय. १९२९ साली स्वतःसाठी उभारलेला संघ ज्याने मोडला, पद्धत आली की मन यांत्रिक होते असे जो जन्मभर सांगत राहिला, त्याच्या नावाने वीस मिनिटांचे सत्र घ्यायचे?

शिवाय त्या निरीक्षणातून निघणारा निष्कर्ष, की नाव टाकले म्हणजे फूल दिसू लागते, मला मान्य नाही. नाव सवयीचे झाले की डोळा आळसावतो, हे खरे. त्यावर उतारा नाव टाकण्यात नाही, आणखी नावे शिकण्यात आहे. झेंडूचे एक फूल घ्या. नावाविना पाहणाऱ्याला नारिंगी गोंडा दिसेल. वनस्पतिशास्त्र थोडे माहीत असलेल्याला दिसेल की हे एक फूल नव्हेच, फुलांची गर्दी आहे. कडेची जिभेसारखी वेगळी, मधली नळीसारखी वेगळी, आणि प्रत्येकाच्या तळाशी बी व्हायची तयारी. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त वेळ पाहील, कारण पाहायला काही आहे. पॉलिहाउसमधल्या बाया कळीकडे नजर टाकून सांगतात की ही उद्या कापायची की परवा, ही गोल्ड स्ट्राइक की दुसरी पिवळी, या पानाखाली कोळी बसलाय. त्यांच्या डोळ्याला धार आली ती नावांनी आणि कामांनी. मराठीत फुलांकडे कसे पाहावे याचा सर्वोत्तम धडा दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त आहे, १९५६चे पुस्तक. तेही नावांनी भरलेले. महिना, झाड, पान, पालवीचा रंग, मागच्या महिन्यात ते कसे होते याची आठवण, पुढे काय येणार याची चाहूल. लेखिका त्या पानांवर पुरेपूर हजर आहे, आणि कुठेही काल-उद्या विसरलेली नाही.

यावर एक आडवा प्रश्न येतो, आणि तो मी टाळणार नाही. कामाने आणि देणेघेण्याने जर लक्ष जागे होते, तर पॉलिहाउसमध्ये रोजंदारीवर राबणाऱ्या बाया सगळ्या सिद्धच व्हायला हव्यात! नाही होत. प्लॅस्टिकच्या छताखाली दुपारचा उकाडा, फवाऱ्याचा वास, काट्यांनी ओरबाडलेले हात आणि मजुरीचा हिशेब. त्यात लक्ष शाबूत राहते ते सवयीने आणि पोटासाठी. त्या कामाला साधनेचे गोंडस नाव देणे हे लॉनवरच्या फूलध्यानाइतकेच खोटे ठरेल. अरणच्या सावता माळ्याचे नाव या ठिकाणी सगळेच घेतात. १२९५ साली देह ठेवलेला हा संत पंढरीला न जाता आपल्या मळ्यातच देव पाहत राहिला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पण मळा त्याचा होता, खुरपे त्याचे होते आणि खुरपणी कधी थांबवायची हे तोच ठरवत होता. हा फरक मोठा आहे. मी एवढेच म्हणतो : फुलाजवळ लक्ष उगवते की नाही, हे फुलावर नाही, त्याच्याशी आपला व्यवहार कसला आहे यावर ठरते. व्यवहार मजुरीचा असेल तर ते दमते, स्वखुशीचा असेल तर ते वाढते, आणि व्यवहारच नसेल तर दहा मिनिटांत हात मोबाइलकडे जातो.

बंगल्यांच्या बागांत नेमका हा व्यवहार नाहीसा केलेला असतो. लागवड निवडतात ती बारमाही फुलणारी : बोगनवेल, एक्झोरा, संकरित जास्वंद. हंगामी फुले नर्सरीतून उमललेलीच कुंड्यांसकट येतात. शुक्रवारी माळी फिरून वाळलेली फुले तोडतो, उतरलेल्या कुंड्या मागच्या अंगाला नेतो, नव्या मांडतो. पाहुण्याला पेरणी दिसत नाही, कीड दिसत नाही, कोमेजणे तर मुळीच दिसत नाही. इथला पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. त्यात पिटुनिया सडतो, म्हणून पावसाळ्यात कुंड्या पोर्चमध्ये. त्याच दिवसांत कुंपणाच्या कडेला तेरडा आपणहून उगवतो, आणि लॉन स्वच्छ राहावे म्हणून तो उपटला जातो. गौरी आणायच्या दिवशी गावातल्या बायका तो कुंपणाबाहेरच्या बांधावरून नेतात. ज्या बागेतून काळाच्या खुणा इतक्या काळजीने झाडून काढल्या, तिथे 'काळ विसरा' असे वेगळे सांगायची गरजच काय?

या सत्रांना बंदी घाला असे मी म्हणत नाही. लोकांना विसावा हवा असतो, तो त्यांना मिळो, मालकाला भाडे मिळो. त्याला विसावाच म्हणावे, एवढी विनंती. माळ्याला त्या शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या नजरेआड ठेवण्याऐवजी त्यांच्याबरोबर फिरू द्यावे. शुक्रवारी त्याने काय काय तोडले हे कोणीतरी त्याला विचारावे. आणि सत्रांच्या जाहिरातीत कार्ल्याच्या चैत्यगृहाचा फोटो असेल, तर तो तेवढा काढून टाकावा. त्या चैत्यगृहाच्या दारासाठी ज्या गंधिकाने पैसे मोजले, त्याला फुलांचा भाव, हंगाम आणि नासाडी तिन्ही माहीत असणार.